दरोडेखोर माशी आणि गुरांचे औषध

इंग्लंडमधील वन्य प्रजातींच्या संख्येत होणारी घट २०३०च्या अखेरपर्यंत थांबवण्याचे बंधन तेथील सरकारने २०२१च्या पर्यावरण कायद्याद्वारे स्वतःवर घालून घेतले आहे. अशा संकल्पाची चर्चा निघाली की डोळ्यांपुढे येतात ते पक्षी, फुलपाखरे आणि फार तर मधमाश्या. मात्र संवर्धनाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाच्या प्रजातींची जी यादी २००६च्या कायद्यान्वये तेथे करण्यात आली, तीत एका माशीचाही समावेश आहे. ही माशी नेहमी बसते ती शेणाच्या पोवर, आणि तिच्या भवितव्याचा प्रश्न थेट शेतीच्या अर्थकारणाशी व पशुवैद्यकाच्या औषधपेटीशी जाऊन भिडतो.

'ॲसिलस क्रॅब्रोनिफॉर्मिस' हे तिचे शास्त्रीय नाव. लिनियसने १७५८ मध्ये दिलेल्या या नावाचा अर्थच गांधीलमाशीसारखी दिसणारी असा आहे. पोटाचा पुढचा भाग काळा आणि मागचा झळझळीत पिवळा. लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे ब्रिटनमधील सर्वांत मोठ्या माश्यांमध्ये तिची गणना होते. तिला ना नांगी आहे, ना ती माणसाच्या वाटेला जाते. रूप तेवढे भीतिदायक. दरोडेखोर माश्यांच्या कुळात जगभरात सात हजारांहून अधिक प्रजाती आहेत आणि बहुतेकींची रीत एकच. मोक्याच्या जागी दबा धरायचा, समोरून उडणारा कीटक हवेतच पकडायचा, सोंडेने त्याच्या शरीरात लाळ सोडायची. या लाळेतील विषाने भक्ष्य लुळे पडते आणि पाचक द्रव्यांनी त्याच्या आतला भाग विरघळतो. मग तो शोषून घ्यायचा. तोंडावरचे राठ केसांचे मिशीवजा झुपके धडपडणाऱ्या भक्ष्यापासून चेहऱ्याचे रक्षण करतात.

शेणावर बसते म्हणून ती शेणखाऊ, असा समज होणे स्वाभाविक आहे. पण तो चुकीचा आहे. शेण हे तिचे अन्न नव्हे, ती तिची शिकारीची जागा आहे. ताज्या शेणाकडे भुंगेरे आणि इतर माश्या धाव घेतात आणि तेथेच ही त्यांना टिपते. आसपासच्या गवतातले नाकतोडेही तिला चालतात. प्रौढ माशी जुलै ते ऑक्टोबर या काळात दिसते, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सर्वाधिक. अंडी घातली जातात ती शेणात किंवा त्याच्या आसपास. अळी जमिनीत वाढते आणि शेणभुंगेऱ्यांच्या अळ्यांवर जगते, असे मानले जाते. थोडक्यात, बालपण आणि तारुण्य दोन्ही शेणभुंगेऱ्यांच्या आधाराने. भुंगेरे नाहीत तर ही माशी नाही, इतका हा संबंध सरळ आहे.

तिचा आढळ पाहिला की याची प्रचीती येते. युरोप खंडात ती दूरवर पसरलेली असली तरी ब्रिटन हे तिच्या विस्ताराचे वायव्येकडील टोक. तेथे ती दक्षिण इंग्लंड आणि वेल्सपुरती उरली आहे. चुनखडीचे उतार, झुडपी माळराने, जेथे ऊन भरपूर, गवत तोकडे आणि वर्षानुवर्षे गुरे वा घोडे चरत आलेले आहेत, अशी ठिकाणे तिला मानवतात. सशांच्या लेंड्यांचाही तिला आधार असतो. १९५३ मध्ये ब्रिटनमध्ये मिक्सोमॅटोसिसची साथ आली आणि सशांचा संहार झाला, तेव्हा अनेक उतारांवर गवत माजले. त्याही आधीपासून सुरू असलेला मोठा आघात नांगराचा आणि रासायनिक खताचा. इंग्लंड व वेल्समधील सखल भागातली नैसर्गिक गवताळ कुरणे १९३०च्या दशकापासून १९८४ पर्यंत सुमारे ९७ टक्क्यांनी घटली.

या पार्श्वभूमीवर १९८१ मध्ये आयव्हरमेक्टिन हे औषध जनावरांसाठी बाजारात आले. वाचकांना हे नाव अपरिचित नाही. मे २०२१ मध्ये गोवा सरकारने करोनाला प्रतिबंध म्हणून अठरा वर्षांवरील सर्वांना ते देण्याची घोषणा केली होती, आणि जागतिक आरोग्य संघटनेने चाचण्यांखेरीज त्याचा असा वापर करू नये असा सल्ला आधीच दिलेला असल्याने त्यावर वादही झाला होता. औषधाची मूळ थोरवी मात्र वादातीत आहे. आफ्रिकेतील 'नदीकाठचे अंधत्व' रोखण्यातील त्याच्या वाट्यासाठी विल्यम कॅम्पबेल व सातोशी ओमुरा यांना २०१५चे नोबेल मिळाले. गुरांच्या पोटातले जंत आणि अंगावरचे परजीवी दोन्ही ते मारते. अडचण एवढीच, की त्याचा बराचसा अंश जनावराच्या शेणातून मूळ स्वरूपातच बाहेर पडतो आणि तेथेही तो कीटकनाशकच राहतो. रिचर्ड वॉल आणि लेस स्ट्राँग यांनी १९८७ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात औषध दिलेल्या गुरांच्या शेणात कीटकांची वाढ खुंटल्याचे व शेण कुजण्यास विलंब होत असल्याचे दाखवून दिले.

तरीही सारा दोष या एका औषधावर लोटणे अन्यायाचे होईल. कुरणे त्याच्या आधीच गेली होती. त्याचा खरा धोका आहे तो उरल्यासुरल्या जागांवर. एखाद्या उतारावर एकाच कळपाची गुरे चरत असतील आणि अंडी घालण्याच्या मोसमात साऱ्या कळपाला एकदम मात्रा दिली गेली, तर त्या जागेला पर्याय उरत नाही. येथे शेतकऱ्याला खलनायक ठरवणेही चूक. जंतांमुळे वासरांची वाढ खुंटते, हे नुकसान त्याच्या पदरी पडते. माशी कमी झाल्याचे बिल कोणी त्याच्याकडे पाठवत नाही.

भारतीय वाचकाला येथे गिधाडे आठवतील. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने मृत जनावरांचे मांस विषारी केले आणि पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी आली खरी, पण तितक्याच घातक कीटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवर ती येण्यास २०२३ उजाडले. गिधाडासारखा डोळ्यांत भरणारा पक्षी असूनही सतरा वर्षे लागली, तर माशीसाठी कोण धावणार, हा प्रश्न रास्तच आहे.

गंमत अशी, की या माशीच्या मदतीला भूतदयेपेक्षा व्यवहारच येण्याची शक्यता अधिक दिसते. सरसकट वापरामुळे जंत या औषधांना दाद देईनासे होत आहेत. त्यामुळे शेणातील जंतांची अंडी मोजून गरज असेल त्याच जनावराला मात्रा द्यावी, असे पशुवैद्यच सांगू लागले आहेत. शेणातील कीटकांना कमी घातक अशी मॉक्सिडेक्टिनसारखी औषधेही उपलब्ध आहेत. युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर इंग्लंडने शेतीचे अनुदान क्षेत्रफळाऐवजी पर्यावरणीय कामाशी जोडण्याचे ठरवले, त्यात अशा पद्धतींना आर्थिक पाठबळ देण्याची संधी होती आणि अजूनही आहे. परंतु त्यातील शाश्वत शेती प्रोत्साहन योजनेचे नवे अर्ज मार्च २०२५ मध्ये निधी संपल्याचे सांगून अचानक बंद करण्यात आले. ज्यांच्या जमिनीवर ही माशी आहे, त्या छोट्या पशुपालकांना अशा धरसोडीचा भरवसा वाटणे कठीण आहे. जनावरे परवडेनाशी झाली की कुरणात झुडपे माजतात, आणि औषध न देताही शेण नाहीसे होते.

त्यातच २०३०ची मुदत. या कुळातील माश्यांच्या अळ्या साधारणतः एक ते तीन वर्षे जमिनीत असतात. त्यामुळे येत्या ऑगस्टमध्ये एखाद्या उतारावर कळपाला मात्रा दिली की नाही, याचा परिणाम त्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यातील गणनेतच दिसू शकेल.