भिंगाखालची सरस्वती

जुलै २०२१ मध्ये सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा आमच्या मावशींच्या माजघरातील सरस्वतीचे चित्र कोणीतरी माडीवर नेले, म्हणून वाचले. पुढे पोलादपूरच्या भाच्याने ते विकून घराची डागडुजी करावी असे सुचविले. राजा रविवर्म्याच्या छापखान्यातील अस्सल प्रत असेल तर चांगली किंमत येईल, ही आशा.

चित्राखाली छापखान्याचे नाव होते. परंतु वाचकहो, त्यावर विसंबू नये. नक्कल करणारा नावासकट नक्कल करतो. हा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथे प्रत्येक रंगासाठी निराळा दगड असे. त्यामुळे भिंगाखाली जुन्या छापातील ठिपके लहानमोठे, वेडेवाकडे, एकमेकांवर चढलेले दिसतात. अलीकडच्या ऑफसेट छपाईत चारच शाईंचे ठिपके शिस्तीने रांगेत बसलेले असतात. (अन्य छापखान्यांनीही दगडावरून नकला काढल्या, तेव्हा वेडेवाकडा ठिपका म्हणजे रविवर्माच, असेही नव्हे.) कागदाचा पिवळेपणा तर अगदीच फसवा, तो चहाच्या पाण्यानेही आणता येतो.

देवीच्या साडीच्या काठावर भिंग धरले. रांगा स्वच्छ दिसल्या. भाचा हिरमुसला.

मावशी मात्र शांतपणे म्हणाल्या, “मूळ चित्र वाटणीत धाकट्या भावजींकडे गेले. भिंत ओकी दिसू लागली, म्हणून ह्यांनी हे मुंबईहून आणले. मला ठाऊकच होते. पण विचारले कोणी?”