शुबहा कुणाच्या बाजूने?

'चोराचे हात तोडा, मग बघा!' असे व्यासपीठावरून गरजणाऱ्यांना आम्ही विचारतो : शुबहा हा शब्द तुम्ही फिकहच्या किताबांत कधी वाचला नाही काय? आपल्या बोलण्यात शक-शुबहा माणसाला अडकवतो; हनफी फुकहांनी त्याचीच आरोपीसाठी ढाल केली. शंका असेल तर हद टाळा, हा त्यांचा दंडक. बाराव्या शतकातल्या मरगीनानींचा 'हिदाया' उघडा. बैतुलमालमधून चोरी झाली? हात तोडायचा नाही. त्या खजिन्यात चोराचाही वाटा आहे. माल १० दिरहमहून कमी किमतीचा? नाही. जिनाची कबुली देऊन माणूस फिरला? हद गेली. हजरत माइज स्वतःहून गुन्हा कबूल करायला आले, तर प्रेषितांनी (स.) पुन्हा पुन्हा तोंड फिरवले. दुष्काळाच्या साली हजरत उमर यांनी हात तोडणे थांबवले.

हद टळली तरी काजीच्या हाती ताझीर उरे, हे आम्ही लपवत नाही. पण शरियतला रानटी म्हणणाऱ्यांनीही ऐकावे : बंगालमध्ये कंपनीच्या साहेबांना हा फौजदारी कायदा फार सौम्य वाटत होता!

आणि १९७९ साली जनरल झियांनी हुदूद अध्यादेश आणून काय केले? १९८३ मध्ये बलात्काराची फिर्याद असलेल्या खटल्यात एका अंध मुलीलाच, तिच्या गरोदरपणावरून, फटक्यांची शिक्षा झाली. ती वरच्या शरियत कोर्टाने रद्द केली. मालिकी गरोदरपण पुरावा धरतात, हनफी धरत नाहीत. पाकिस्तानात बहुसंख्य हनफीच. मग त्या मुलीच्या वेळी शुबहा कुठे गेला होता?