मुखपृष्ठावर चिकटवलेला कागद

१/ गेल्या पावसाळ्यात वेल्ह्यात आम्ही चार-पाच मित्रांनी जुन्या मराठी मासिकांचे एक लहानसे प्रदर्शन मांडले. तोरणा उतरून आलेली मंडळी चहाला थांबतात, त्यांनी जाता जाता पाहावे एवढीच अपेक्षा होती. मांडलेल्या अंकांत ‘समाजस्वास्थ्य’च्या एका अंकाची प्रतिकृती होती. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचे चित्र. ज्यांच्याकडे मी लहानपणी शिकलो ते गुरुजी हलक्या आवाजात म्हणाले, “बाळ, तेवढं एक झाक. पोरंबाळं येतात.” मी वाद न घालता कोरा कागद चिकटवला. आजचा हा थ्रेड त्या कागदाविषयी आहे.

२/ माझे म्हणणे आरंभीच सांगतो. र. धों. कर्वे यांचे नाव आपण आदराने घेतो आणि त्यांची मुखपृष्ठे मात्र लपवतो. हा आदर खोटा आहे. ती चित्रे ही त्यांच्या मासिकाची दुर्दैवी सजावट नव्हती. ती त्यांच्या युक्तिवादाचा भाग होती. त्या युक्तिवादाशी आपण असहमत असू शकतो. पण तो पुसून उरलेले कर्वे दाखवणे म्हणजे इतिहास सांगणे नव्हे.

३/ प्रथम माणूस. रघुनाथ धोंडो कर्वे, जन्म १८८२. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले पुत्र. विषय गणित, नोकरी मुंबईच्या विल्सन कॉलेजात. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले. म्हणजे या विषयात मुंबई लंडनच्या मागे नव्हती, तिच्या बरोबरीने चालत होती. या कार्यापायी पुढे त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली.

४/ जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ निघाले. शरीराचे आणि मनाचे आरोग्य, कामजीवन, गुप्तरोग, संततिनियमन, स्त्रीचे स्वातंत्र्य या विषयांवर उघड चर्चा करणारे मासिक. संपादक, प्रकाशक, प्रमुख लेखक आणि बहुतेक वेळा तोटा सोसणारा धनी, सर्व भूमिका एकाच माणसाच्या. पत्नी मालतीबाईंनी नोकरी करून संसार सावरला. ऑक्टोबर १९५३ मध्ये कर्वे गेले आणि पुढच्या महिन्यात शेवटचा अंक आला. छब्बीस वर्षांहून अधिक काळ हे मासिक चालले.

५/ मुखपृष्ठावर नग्न चित्र का? कर्व्यांची भूमिका सरळ होती. शरीर हे स्वतः अश्लील नसते, अश्लीलता पाहणाऱ्याच्या मनात घडवली जाते, आणि ती घडते लपवल्यामुळे. जे रोज सहज दिसते त्याचे आकर्षण विकृत होत नाही, असे ते मानत. युरोपातील नग्नतावादी चळवळीविषयी त्यांना आस्था होती, ती याच कारणाने. आत ज्या गोष्टी संकोच सोडून मांडायच्या, त्यांची पहिली परीक्षा वाचकाने मुखपृष्ठावरच द्यावी, असा त्याचा अर्थ मी लावतो.

६/ आता एक तुलना. १९५७ मध्ये लंडनच्या सोहो भागात जॉर्ज हॅरिसन मार्क्स या छायाचित्रकाराने पामेला ग्रीन हिच्या साथीने ‘कॅमेरा’ नावाचे छोटेखानी मासिक काढले. त्यात विवस्त्र स्त्रियांची छायाचित्रे असत आणि ते जोरात खपले. १९६१ मध्ये त्याने नग्नतावादी वसाहतींवर चित्रपट काढला. १९७१ मध्ये टपालाने अश्लील साहित्य पाठवल्याच्या आरोपावरून त्याच्यावरही खटला चालला.

७/ वरवर पाहता दोघांचा व्यवसाय एक: छापलेले नग्न चित्र आणि त्यामागे कायद्याचा ससेमिरा. परंतु मार्क्सच्या मासिकात चित्र हाच माल होता. कर्व्यांच्या मासिकात चित्राचे पान उलटले की आत गर्भधारणा, रोग आणि वैवाहिक दुःख यांवरचा कोरडा, गणिती शिस्तीचा मजकूर भेटे. चित्राच्या मोहाने अंक घेणाऱ्याची तेथे निराशाच होत असावी.

८/ आणि इथेच आपल्या समजुतीला धक्का देणारी गोष्ट येते. कर्व्यांना शिक्षा झाली ती चित्रांमुळे, असे अनेकांना वाटते. पहिला खटला १९३१ चा. निमित्त होते व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेख. शंभर रुपये दंड झाला, अपील फेटाळले गेले. दुसरा खटला १९३४ चा. निमित्त होते वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे. दोन्ही वेळा बोट ठेवले गेले ते मजकुरावर. समाज चित्राकडे पाहून नाक मुरडत होता. दंड मात्र झाला तो उत्तरे देण्याबद्दल.

९/ १९३४ च्या खटल्यात कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय असा: लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते आपोआप अश्लील ठरत नाही. मासिकाचा विषयच लैंगिक आरोग्य असेल आणि वाचक आपल्या अडचणी विचारत असतील, तर उत्तर देणे हे संपादकाचे कर्तव्य ठरते. हस्तमैथुन आणि समलिंगी आकर्षण यांसारख्या विषयांवरही त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकांचा आधार घेतला. कर्वे हरले. एप्रिल १९३४ मध्ये दोनशे रुपये दंड झाला.

१०/ आंबेडकरांसाठी हा एका अशिलापुरता प्रश्न नव्हता. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसारासंबंधी अशासकीय प्रस्ताव आला. त्या दिवशी आंबेडकर अनुपस्थित असल्यामुळे त्यांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी तो मांडला. प्रस्ताव फेटाळला गेला. न्यायालयात हरलेला मुद्दा चार वर्षांनी सभागृहातही हरला. पण तो दोन्हीकडे नोंदवला गेला, आणि आपण अभ्यासक नोंदींवरच जगतो.

११/ कर्वे ज्या कसोटीवर दोषी ठरले ती कुठून आली? १८६८ साली इंग्लंडमध्ये कॅथलिक पाद्र्यांवर टीका करणाऱ्या एका पुस्तिकेवर खटला झाला. ‘हिक्लिन’ या नावाने तो प्रसिद्ध आहे. न्यायाधीशांनी कसोटी घातली: ज्यांची मने अशा प्रभावाला सहज बळी पडतील, त्यांना बिघडवण्याची प्रवृत्ती मजकुरात आहे का? म्हणजे पुस्तकाचे मोल ठरवणार सर्वांत कच्च्या मनाचा काल्पनिक वाचक. शिवाय एखादा सुटा उतारा काढूनही दोष सिद्ध करता येई.

१२/ इंग्लंडने १९५९ च्या नव्या कायद्याने ही कसोटी बदलली आणि संपूर्ण कृतीचा विचार बंधनकारक केला. लगेच १९६० मध्ये ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ छापणारी पेंग्विन संस्था निर्दोष सुटली. आपल्याकडे काय झाले? तीच कादंबरी विकल्याबद्दल मुंबईचे पुस्तकविक्रेते रणजित उदेशी यांची शिक्षा १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली, आणि तीही हिक्लिनच्याच आधारे. साहेब गेला, साहेबाने स्वतःच्या घरात मोडीत काढलेली कसोटी मात्र आपण जपून ठेवली.

१३/ मराठीतील आणखी एक प्रकरण लक्षात ठेवा. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. तिच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना निर्दोष ठरवले. सात वर्षे गेली ती एका दिवाळी अंकातील कथेपायी.

१४/ छायाचित्राला खरा न्याय मिळायला २०१४ साल उजाडले. टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची वाग्दत्त वधू बार्बरा फेल्टस यांचे नग्न छायाचित्र एका जर्मन नियतकालिकात आले होते. वर्णभेदाविरुद्धचे विधान, अशी त्यामागची भूमिका होती. १९९३ मध्ये कोलकात्याच्या प्रकाशनांनी ते पुन्हा छापले आणि खटला झाला. सर्वोच्च न्यायालयाने हिक्लिन कसोटी बाजूला सारून समकालीन समाजमानाची कसोटी स्वीकारली. चित्र कोणत्या संदर्भात आले आणि काय सांगू पाहते, हे बघितलेच पाहिजे असे ठरले. कर्वे हयात असते तर आठवणीने हसले असते.

१५/ आता माझ्या भूमिकेविरुद्धचा सर्वांत बळकट आक्षेप. एका मैत्रिणीने मला विचारले, “त्या मुखपृष्ठांवरच्या बायकांची नावं काय?” मला एकही सांगता आले नाही. शरीराचा संकोच मोडायचा होता तर मुखपृष्ठावर वारंवार स्त्रीचेच शरीर का? लंडनची पामेला ग्रीन निदान मासिकाची भागीदार होती, तिचे नाव नोंदले गेले. ‘समाजस्वास्थ्य’वरील स्त्रिया निनावी राहिल्या. स्त्रीच्या इच्छेचा हक्क तळमळीने मांडणाऱ्या संपादकाचे मुखपृष्ठ पुरुषाच्या नजरेतून निवडले गेले होते, हे मान्य करायला हवे.

१६/ मला हा आक्षेप पटतो. पण तो सुचला कशामुळे? चित्र पाहिल्यामुळे. कागद चिकटवला की कर्व्यांचे धैर्यही दिसत नाही आणि त्यांची मर्यादाही दिसत नाही. झाकणारा माणूस समजतो की तो थोर पुरुषाची अब्रू राखतो आहे. प्रत्यक्षात तो त्यांना टीकेच्या कक्षेबाहेर नेऊन ठेवतो. आणि ज्याच्यावर टीका करता येत नाही, त्याचा आपण पुतळा करतो, अभ्यास करत नाही.

१७/ आपल्या पिढीला हे सांगणे गरजेचे वाटते, कारण आपण तोफांची लांबी आणि बुरुजांची संख्या बिनचूक सांगतो. राजगडाचा चोरदरवाजा आपल्याला पाठ असतो. गडाच्या दगडाला कोणी रंग फासला की आपण चवताळून उठतो, आणि ते योग्यच आहे. पण बांधीव खंडातून मुखपृष्ठ फाडले गेले तर आपल्यापैकी किती जण बोलतील? कागदही तटबंदीच आहे. फरक इतकाच की तो ढासळताना आवाज होत नाही.

१८/ प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी पलीकडच्या वाडीवरच्या एक आशाताई आल्या. चिकटवलेल्या कागदाकडे बघून म्हणाल्या, “भाऊ, हे कशाला झाकलंय?” मी चाचरत कारण सांगितले. मग आतल्या पानांवर काय असायचे तेही सांगितले: दोन मुलांतले अंतर, गर्भ राहू न देण्याचे उपाय, लाजेने न विचारलेले प्रश्न. त्या म्हणाल्या, “मग हेच तर आमी घरोघर सांगतो की. अजून बाया दार लावून घेऊन इचारत्यात.” एवढे बोलून त्या पावसात निघून गेल्या.

१९/ कर्व्यांना दंड होऊन नव्वद वर्षे उलटली. वेल्ह्याच्या खोऱ्यात तो प्रश्न अजून बंद दारामागेच विचारला जातो. १९३४ मध्ये वाचकांनी तो निदान पत्राने तरी विचारला होता आणि एका माणसाने छापून उत्तर दिले होते. संध्याकाळी मी कागद काढला. डिंकाचा डाग राहिला तो राहिलाच. गुरुजींना जाऊन सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “शेजारी नीट माहिती लिही म्हणजे झालं.” त्या रात्री बसून मी ती लिहिली.

२०/ म्हणून विनंती. आजोबांच्या ट्रंकेत, गावच्या वाचनालयाच्या माळ्यावर जुनी मासिके सापडली, तर बांधणी करताना मुखपृष्ठे आणि जाहिराती काढून टाकू देऊ नका. जमल्यास पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत छायाचित्रे घ्या, अंकाचा महिना आणि वर्ष टिपून ठेवा. आवडले नाही तर जरूर टीका करा. पण झाकू नका. मी झाकले होते, आणि त्या एका दिवसात कोण कोण पाहून न विचारता परत गेले असेल, हे मला कधीच कळणार नाही.