बॅग राहू द्या, आधी उतरा!

३ ऑगस्ट २०१६. तिरुवनंतपुरमहून निघालेलं बोइंग ७७७ दुबईच्या धावपट्टीवर पोटावर घसरत जाऊन थांबलं. चाकं आत, बाहेर आग, केबिनमध्ये धूर. विमानात ३०० माणसं, त्यातली बहुतेक आपल्याच देशाची. त्या गोंधळात कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. केबिन क्रू जिवाच्या आकांताने ओरडतोय, सामान सोडा, उड्या मारा. आणि प्रवासी डोक्यावरचे कप्पे उघडून बॅगा ओढताहेत. एकाला लॅपटॉप हवाय.

सगळे वाचले. पण विमान थांबल्यावर नऊ-दहा मिनिटांतच इंधनाच्या टाकीचा स्फोट झाला आणि आग विझवायला आलेला अग्निशमन दलाचा एक जवान गेला. त्या दिवशी दाराशी फुगणाऱ्या घसरगुंड्या वाऱ्याने उडत होत्या, काही दारं निकामी झाली होती. अशा वेळी ट्रॉली बॅगसाठी थांबणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. ती आपलीच माणसं आहेत आणि आपणही तेच केलं असतं. म्हणूनच हे आवाहन.

सामान सोडायचं नाही, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. एसटीत पिशवी मांडीवर, लोकलमध्ये सॅक पोटाशी. दादरला उतरायचं तर परळलाच सामानासकट दाराशी. सवय चांगली आहे, तिने आपली पाकिटं वाचवली आहेत. पण विमानाला आग लागते तेव्हा हीच सवय माणसं मारते. मधली वाट जेमतेम एका माणसाची. तुम्ही कप्पा उघडायला थांबलात की मागची रांगच्या रांग थांबते. तुमचे ते पाच-सात सेकंद मागच्या माणसाच्या श्वासातून वजा होतात. वर बॅगेच्या चाकाने किंवा टोकदार टाचेने हवेची घसरगुंडी फाटली, तर ते दारच बंद झालं.

आगीआधी धूर मारतो. १९८५ मध्ये मँचेस्टरला एका विमानाचं इंजिन धावपट्टीवरच फुटलं. विमान उडालंही नव्हतं. १३७ पैकी ५५ जण गेले, बहुतेक धुराने. अशा आगीतून वेळेत बाहेर पडता यावं, यासाठी विमान बनवणाऱ्या कंपनीला आधी सिद्ध करावं लागतं की अंधारात, निम्मीच दारं उघडी ठेवून, भरलेलं विमान ९० सेकंदांत रिकामं होतं. एअरबस ए३८० च्या चाचणीत ८७३ माणसं ७८ सेकंदांत बाहेर पडली. त्या चाचणीत लोणच्याची बरणी काढायला कुणी थांबलं नव्हतं.

आता दुसरा दिवस. २ जानेवारी २०२४, तोक्योचं हानेदा विमानतळ. उतरणारं जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवर उभ्या असलेल्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. त्या छोट्या विमानातले सहापैकी पाच जण दगावले. मोठ्या विमानात ३७९ जण होते. घोषणेची यंत्रणा बंद पडली, क्रूने भोंगे हातात घेतले. खिडकीतून आग बघत आठांपैकी फक्त तीन दारं उघडली. प्रवासी आपापलं सामान वर तसंच ठेवून रांगेने निघाले. शेवटी कॅप्टन उतरला. ३७९ च्या ३७९ जिवंत. नंतर विमान जळून खाक झालं, सोबत सगळ्या बॅगा.

‘विमान पडलं की संपलं सगळं’ हे वाक्य अहमदाबादच्या दुर्घटनेनंतर घराघरात ऐकू आलं. २४२ पैकी एकच वाचला, म्हणून लोक त्याच्या ११ए सीटची चौकशी करू लागले. सीटच्या नंबरात काही नाही हो! अहमदाबादसारख्या अपघातात प्रवाशाच्या हाती फारसं काही नसतं, हे खरं. पण सगळे अपघात तसे नसतात. १९९३ मध्ये औरंगाबादहून मुंबईला निघालेलं विमान धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकून कोसळलं. ५५ जण गेले, ६३ वाचले. कोळिकोडला २०२० मध्ये विमानाचे तुकडे झाले. आपले कॅप्टन दीपक साठे त्यात गेले. १९० पैकी २१ जण दगावले, बाकीचे घरी परतले.

तेव्हा विमानात बसलात की आपल्या सीटपासून दारापर्यंतच्या रांगा मोजा, पुढच्याही आणि मागच्याही. धुरात डोळे चालत नाहीत, हाताने सीटच्या पाठी मोजत जावं लागतं. पट्टा एकदा सोडून, लावून बघा. गाडीत बाजूचं बटण दाबायची सवय असते, विमानात मधली पट्टी वर उचलायची असते. घाबरलेला हात बटणच शोधत राहतो. लाइफ जॅकेट दाराशी पोहोचेपर्यंत फुगवू नका. १९९६ मध्ये कोमोरोसजवळ समुद्रात पडलेल्या इथिओपियाच्या विमानात अनेकांनी ते आतच फुगवलं आणि पाणी भरल्यावर ते छताशी अडकले. आणि पाय पसरायला मिळतात म्हणून दाराजवळची सीट घेतली असेल, तर ते दार कसं उघडतं ते वाचा. नाही जमणार? तसं सांगून सीट बदला. त्यात लाज कसली?

परवाच्या प्रवासात माझ्या शेजारच्या आजी क्रूचं प्रात्यक्षिक चालू असताना चकलीचा डबा उघडत होत्या. लेकीकडे अमेरिकेला निघालेल्या. म्हणाल्या, “काय बोलते कळत नाही, इंग्रजीत आहे ना.” बरोबरच होतं त्यांचं. महाराष्ट्रातून उडणाऱ्या विमानांत या सूचना मराठीतही मिळाल्या पाहिजेत, अशी मागणी तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाने कंपनीला लेखी करावी. पण तोवर थांबू नका.

पूर्वी कोटाला चोरखिसा असायचा, आजीच्या कमरेला बटवा. तोच बटवा परत आणा. पुढच्या प्रवासाच्या आदल्या रात्री आई-बाबांची हँडबॅग उघडा. पासपोर्ट, बीपी-शुगरच्या गोळ्या, चष्मा आणि मुलांचे फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी छोट्या पाऊचमध्ये घाला. विमानात चढण्यापासून उतरेपर्यंत तो अंगावरच राहील, असं बघा. मग उरलेल्या बॅगेकडे बोट दाखवून विचारा, “आग लागली तर हिचं काय करायचं?” त्या दोघांच्या तोंडून “राहू दे तिथंच” असं निघेपर्यंत विचारत राहा.