हैतीचे कर्ज : ऋणको कोण आणि धनको कोण?

वाचकहो, गरीब राष्ट्रांच्या दारिद्र्याची चर्चा निघाली की श्रीमंत राष्ट्रांचे पंडित एक ठरावीक निदान पुढे करतात. तेथील लोक आळशी, तेथील राज्यकर्ते भ्रष्ट, त्यांना राज्य चालविता येत नाही. म्हणून आम्ही त्यांना मदत करतो! या निदानात रोग्याची नाडी पाहिलेली असते, पण त्याच्या अंगावरील जुने वार कोणी केले याची चौकशी केलेली नसते. ती चौकशी करावयाची असेल तर कॅरिबियन समुद्रातील हैती या देशाइतका बोलका दाखला दुसरा नाही. हैतीची गणना अमेरिका खंडातील सर्वांत गरीब देशांत होते. हा देश गरीब राहिला की त्याला गरीब करण्यात आले, हा आमच्यापुढील प्रश्न आहे. आणि तो दयेचा नसून न्यायाचा आहे.

प्रथम हकीगत पाहू. अठराव्या शतकाच्या अखेरीस 'सँ-दोमिंग' या नावाने ओळखली जाणारी ही वसाहत फ्रान्सच्या सर्व वसाहतींत संपन्न होती. युरोपात खपणाऱ्या कॉफीचा निम्म्याहून अधिक हिस्सा आणि साखरेचाही फार मोठा हिस्सा येथून जात असे. ही संपत्ती सुमारे पाच लाख गुलामांच्या श्रमाची होती. १६८५ च्या फ्रेंच 'काळ्या संहिते'ने या माणसांची गणना जंगम मालमत्तेत केली होती. १७९१ च्या ऑगस्टमध्ये या 'जंगम मालमत्ते'ने बंड पुकारले. फ्रान्सने १७९४ साली गुलामगिरी रद्द केली खरी, पण नेपोलियनने बेटावर फौज धाडली आणि १८०२ साली आपल्या वसाहतींत गुलामगिरी पुन्हा कायदेशीर ठरविली. त्या फौजेचा पराभव करून १ जानेवारी १८०४ रोजी हैतीने आपले स्वातंत्र्य जाहीर केले. गुलामांनी स्वतःच्या बळावर आपल्या बेड्या तोडून राष्ट्र उभारल्याचे असे दुसरे उदाहरण जगाच्या इतिहासात नाही.

आता दस्तऐवज पाहू. १७ एप्रिल १८२५ रोजी फ्रान्सचा राजा दहावा शार्ल याने एक फर्मान काढले. हैतीने पाच वार्षिक हप्त्यांत १५ कोटी फ्रँक द्यावेत आणि फ्रेंच जहाजांकडून निम्मीच जकात घ्यावी. मग फ्रान्स तिचे स्वातंत्र्य मान्य करील! ही रक्कम कशाची? मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेची. आणि त्या मालमत्तेत खुद्द गुलामांची किंमतही धरलेली होती. म्हणजे ज्याला चोरून आणले त्यानेच स्वतःच्या देहाची किंमत चोराला द्यावयाची! हे फर्मान घेऊन आलेल्या बॅरन माको याच्याबरोबर चौदा युद्धनौका आणि पाचशेहून अधिक तोफा होत्या. राष्ट्राध्यक्ष ब्वाये याने जुलैमध्ये मान तुकविली.

कायद्याचा कोणताही विद्यार्थी येथे दोन प्रश्न विचारील. पहिला, संमती कोठे आहे? दुसरा, मोबदला कोठे आहे? जे स्वातंत्र्य हैतीने एकवीस वर्षांपूर्वी रक्त सांडून मिळविले होते, तेच तिला पुन्हा विकण्यात आले. यास मोबदला म्हणता येत नाही. संमतीविषयी आम्ही आमच्या १८७२ च्या करार कायद्याचा आधार घेत नाही; फ्रान्सचाच कायदा पुरेसा आहे. हैती स्वतंत्र झाली त्याच वर्षी, म्हणजे १८०४ साली, फ्रान्सने आपली नागरी संहिता जारी केली. जुलमाने उकळलेली संमती ही ग्राह्य संमती नव्हे, असे तिच्या ११०९ व्या कलमात स्पष्ट लिहिलेले होते. हे कलम १८२५ सालीही अमलात होते. पॅरिसमधील दोन दुकानदारांच्या व्यवहारास जो न्याय लागू होता, तो काळ्या माणसांच्या राष्ट्रास लागू झाला नाही.

पुढची कथा आपल्या वाचकांना अपरिचित वाटणार नाही. केवळ सावकाराचे गाव निराळे आहे. पहिला हप्ता भरण्यास हैतीच्या खजिन्यात पैसा नव्हता. तेव्हा पॅरिसच्याच पेढ्यांकडून तीन कोटी फ्रँकांचे कर्ज काढणे भाग पडले. पेढीवाल्यांनी ६० लाख आधीच कापून घेतले आणि २ कोटी ४० लाख हातावर ठेवले. व्याज मात्र पुढे चालू राहिले. दंडावर कर्ज आणि कर्जावर व्याज! १८३८ साली दंडाची एकूण रक्कम ९ कोटींवर आणण्यात आली. तिची फेड मुख्यतः कॉफीवरील करातून झाली, म्हणजे डोंगरउतारावर कॉफी पिकविणाऱ्या माजी गुलामांनी व त्यांच्या मुलांनी केली. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या हिशेबाप्रमाणे दंड व ते कर्ज मिळून हैतीने सुमारे ११ कोटी २० लाख फ्रँक भरले. तो पैसा देशातच राहता तर काळाच्या ओघात त्यातून २१ ते ११५ अब्ज डॉलरांची भर पडली असती, असाही त्या पत्राचा अंदाज आहे. ज्या काळात इतर राष्ट्रे शाळा, रस्ते आणि बंदरे बांधीत होती, त्या काळात हैती हप्ते भरीत होती.

फ्रान्सचा हात सैल झाला तो अमेरिकेचा घट्ट झाला. डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकन नौसैनिकांनी हैतीच्या राष्ट्रीय बँकेतून पाच लाख डॉलरांचे सोने उचलून न्यूयॉर्कला नेले. १९१५ ते १९३४ पर्यंत देश अमेरिकन फौजेच्या ताब्यात होता. तिजोरीवरची देखरेख तर १९४७ पर्यंत चालली. या फौजेने रस्ते बांधण्यासाठी शेतकऱ्यांना दोरखंडाने बांधून वेठीस धरले. गुलामगिरी मोडणाऱ्या देशात वेठ पुन्हा सुरू करण्याचा मान लोकशाहीच्या या पुरस्कर्त्यांकडे जातो!

हा सारा जुना इतिहास आहे, असे कोणी म्हणेल तर १९९५ सालाकडे पाहावे. नाणेनिधी आणि अमेरिका यांच्या आग्रहाने हैतीने तांदळावरील आयातकर अवघ्या ३ टक्क्यांवर आणला. अमेरिकन सरकार स्वतःच्या भातशेतीस अनुदान देत होते आणि हैतीला मात्र खुल्या व्यापाराचा उपदेश करीत होते. स्वस्त परदेशी तांदूळ बंदरात उतरला आणि आर्तिबोनीत खोऱ्यातील भातशेतकरी बुडाला. मार्च २०१० मध्ये बिल क्लिंटन यांनी अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे स्वमुखाने मान्य केले की, हे धोरण आपल्या आर्कान्सास राज्यातील काही शेतकऱ्यांच्या हिताचे ठरले असेल, पण त्याने हैतीची स्वतःचे पोट भरण्याची शक्ती हिरावली. कबुली मिळाली, भरपाई मिळाली नाही.

प्रतिपक्षाचे बचाव दोन आहेत. पहिला असा की, हैतीच्याच राज्यकर्त्यांनी देश लुटला. दुव्हालिए पितापुत्रांनी १९५७ ते १९८६ पर्यंत केलेली लूट आम्ही नाकारीत नाही. परंतु एका चोरीने दुसरी चोरी माफ होत नाही. दुसरा बचाव असा की, दोनशे वर्षे लोटली, आता दावा मुदतबाह्य झाला. वाचकहो, मुदतीच्या कायद्याने धनकोचा न्यायालयाचा दरवाजा बंद होतो, त्याचे येणे खोटे ठरत नाही. मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे लेखी वचन ऋणकोने सहीनिशी दिले तर ते आमच्या करार कायद्याच्या २५ व्या कलमान्वये बंधनकारक होते. तेव्हा अडचण मुदतीची नसून दानतीची आहे.

२००३ साली राष्ट्राध्यक्ष आरिस्तीद यांनी फ्रान्सकडे २१ अब्ज डॉलरांहून अधिक रकमेची मागणी केली. फेब्रुवारी २००४ मध्ये त्यांची सत्ता गेली आणि त्यांच्यामागून आलेल्या सरकारने ती मागणी सोडून दिली. १७ एप्रिल २०२५ रोजी, फर्मानाला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी या अन्यायाचा उल्लेख करून दोन्ही देशांच्या इतिहासकारांचे संयुक्त मंडळ जाहीर केले. इतिहासकारांबद्दल आम्हांस आदर आहे; पण पावत्या समोर असताना हिशेब तपासनीस नेमावयाचा सोडून इतिहासकार नेमणे, हे ऋणकोचे वेळ काढण्याचे लक्षण होय.

आपल्या देशाने १९७६ साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा केला. त्याने वेठबिगाराला केवळ मोकळे केले नाही. त्याच्या डोक्यावरचे वेठीचे कर्जच नष्ट ठरविले आणि ते पुढे वसूल करणाऱ्या सावकारास शिक्षा सांगितली. मुक्तीची किंमत मुक्त होणाऱ्याकडून घ्यावयाची नसते, हे तत्त्व या कायद्यात आहे. तेच तत्त्व हैतीला लावा. मग दिसेल की, आज ज्याला 'मदत' म्हणतात तिच्यामागे न फेडलेले देणे उभे आहे. मदत देणारा हात वर असतो आणि घेणारा खाली. देणे फेडताना मात्र दोन्ही हात एका पातळीवर येतात. श्रीमंत राष्ट्रांना पैशापेक्षा या समपातळीचीच अधिक भीती वाटते. म्हणून वाचकहो, पुढच्या वेळी हैतीला 'मदत' जाहीर झाल्याची बातमी वाचाल तेव्हा एवढेच विचारा : ही भीक आहे की हप्ता? हप्ता असेल तर तसे लिहून द्या.