जडेजा देऊन सॅमसन घेतला, ठीक. आता ऋतुराजला हात लावू नका!

नगरपालिकेचे अर्ज भरायची धावपळ चालू आहे. कोण कुठल्या पक्षातून कुठे उडी मारतोय याचा हिशोब ठेवताना माझी वही भरली. तरी शनिवारपासून टपरीवर विषय एकच: चेन्नईने जडेजा दिला! चार जणांनी फोन करून विचारलं, "साहेब, यावर लिहा की." म्हणून लिहितोय.

आधी सौदा काय झाला ते बघू. संजू सॅमसन 18 कोटींच्या जुन्याच रकमेवर चेन्नईत आला. बदल्यात रवींद्र जडेजा आणि सॅम करन राजस्थानला गेले. जडेजाची रक्कम 18 कोटींवरून 14 कोटींवर आली, करन 2.4 कोटींना.

भावनेने बघितलं तर पोटात गोळा येतो, मान्य. 2023 ची फायनल आठवा. शेवटच्या दोन चेंडूंत दहा धावा हव्या होत्या, जडेजाने एक षटकार, एक चौकार मारला आणि धोनीने त्याला उचलून घेतलं. चेन्नईकडून सगळ्यात जास्त बळी त्याच्याच नावावर आहेत. असा माणूस तुम्ही देऊन टाकता?

पण भावना बाजूला ठेवून गरज बघा. 2025 मध्ये चेन्नई इतिहासात पहिल्यांदा तळाला गेली. 14 पैकी फक्त 4 विजय. धोनी 44 वर्षांचा झालाय. त्याच्यानंतर ग्लोव्हज कोण घालणार, या प्रश्नाला संघाकडे पक्कं उत्तर नव्हतं. पैसे असून उपयोग नाही, कारण भारतीय यष्टिरक्षक, वरच्या फळीत खेळणारा आणि तयार, असा खेळाडू छोट्या लिलावात सहसा येतच नाही. सॅमसन 31 चा आहे. 2024 मध्ये भारताकडून टी-20 त पाच डावांत तीन शतकं ठोकलीत त्याने. जडेजा डिसेंबरमध्ये 37 चा होईल, आणि गेल्या हंगामात त्याला 10 च बळी मिळाले. पुढची चार-पाच वर्षं बघायची असतील तर सॅमसनच घ्यायला हवा होता. माझं मत स्पष्ट आहे.

किंमत मात्र मोठी मोजलीय. अश्विन आयपीएलमधून निवृत्त झाला, आता जडेजाही गेला. चेपॉकच्या खेळपट्टीवर मधली षटकं टाकायला भरवशाचा एकटा नूर अहमद उरलाय. ही भोकं लिलावात बुजवावी लागतील.

आता आपल्या मुद्द्यावर येतो. चेन्नईचा कर्णधार आपला पुण्याचा ऋतुराज गायकवाड आहे, आणि सलामीला विरारचं पोरगं आयुष म्हात्रे. सॅमसनही वरच खेळणारा. जागा दोन, दावेदार तीन. म्हणजे कुणाला तरी खाली सरकावं लागणार. त्यातून सॅमसन राजस्थानचा अनेक वर्षांचा कर्णधार, 2022 मध्ये संघाला फायनलला नेलेला. ऋतुराजच्या चार मॅच खराब गेल्या की लोक काय बोलणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

हा सिनेमा आपण बघितलाय. 2023 च्या नोव्हेंबरात मुंबईने हार्दिकला आणलं, डिसेंबरात रोहितचं कर्णधारपद गेलं आणि 2024 मध्ये मुंबई तळाला. वानखेडेवर आपल्याच कर्णधाराची हुर्यो उडवली लोकांनी. हार्दिक खेळाडू वाईट नव्हता. घरातली घडी विस्कटली, तिथे सगळं बिघडलं. चेन्नईनेही 2022 मध्ये हा खेळ केला होता. जडेजाला कर्णधार केलं, आठ सामन्यांत दोन विजय, आणि हंगामाच्या मध्येच सूत्रं परत धोनीकडे.

ऋतुराजच कर्णधार राहील असं चेन्नईने त्याच दिवशी जाहीर केलं, हे चांगलं झालं. पण शब्द पाळायची वेळ पहिल्या तीन पराभवांनंतर येते. बाहेरून आणलेला मोठा माणूस घराला उभारी देतो की घर फोडतो, हे त्याच्यापेक्षा घरमालकावर जास्त अवलंबून असतं. (अर्ज भरणाऱ्या पक्षांनीही हे वाक्य दोनदा वाचावं.)

जाता जाता एक गोष्ट. राजस्थानकडे असताना परस्पर दुसऱ्या संघाशी बोलणी केली म्हणून याच जडेजाला 2010 ची आयपीएल खेळू दिली नव्हती. आज दोन मालकांनी बोलणी केली आणि तो त्याच राजस्थानात परत पोचला, चार कोटी कमी घेऊन. खेळाडूची सही लागते, हे खरं. पण मालकांचं आधी ठरलं असेल तर त्या सहीला वजन किती, ते तुम्हीच ठरवा.

तुमचं मत कमेंटमध्ये लिहा. शिव्या नकोत, घरची मंडळीही हे पेज वाचतात.