नाइन्टीची कॅसेट

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये कोजागरीची सूचना लागली आहे. आठ वाजता मसाला दूध आणि त्यानंतर गच्चीवर ‘नाइन्टीज नाइट’. खाली पंचवीस गाण्यांची छापील यादी. हौशी मंडळींनी आपापलं गाणं धरून सेक्रेटरींकडे नाव द्यायचं, ट्रॅकची सोय होईल. यादी मी वर जाताना वाचली आणि खाली येताना पुन्हा वाचली. ‘आशिकी’ची चार गाणी, ‘साजन’ची तीन, मग ‘दिल है के मानता नहीं’, ‘दीवाना’, ‘बाजीगर’, ‘रोजा’, ‘हम आपके हैं कौन’. तळाला, कॉन्व्हेंटवाल्यांची आबाळ नको म्हणून, ब्रायन ॲडम्स. पंचविसात मराठी एकही नाही.

मराठीच्या नावाने गळा काढायला हे स्फुट नाही. त्या कामाला आपल्याकडे पुरेशी माणसं नेमलेली आहेत. मला प्रश्न पडला तो साधा होता, की ही यादी केली कुणी? सेक्रेटरींना विचारलं तर ते म्हणाले, “अहो, करायची कशाला? ती असतेच. त्या वेळची टॉपची गाणी.”

टॉपची म्हणजे कुणाच्या टॉपची?

त्या वर्षांत गाण्यांचे क्रमांक लावणारी एक अधिकृत म्हणावी अशी जागा होती. १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेली अमीन सयानींची गीतमाला १९८९ मध्ये विविध भारतीवर आली होती. नावातल्या बिनाकाची सिबाका झाली होती, पण पायदान, सरताज गीत आणि ते बिगुल शाबूत होतं. वर्षाअखेरी वार्षिक यादी लागायची आणि पहिल्या पायदानावर कोण, यावर घराघरांत पैजा लागायच्या. तेव्हा सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर मी एक कोडं टाकलं: १९९० सालचं पहिलं गाणं कोणत्या चित्रपटातलं? दहा मिनिटांत नऊ उत्तरं आली आणि नऊच्या नऊ ‘आशिकी’. एकाने तर उत्तरासोबत राहुल रॉयच्या केसांचा फोटोही पाठवला.

नऊही जण चुकले. १९९० च्या वार्षिक गीतमालेत पहिलं आलं ते ‘आज का अर्जुन’मधलं गाणं. संगीत बप्पी लाहिरींचं, आवाज लता मंगेशकर आणि शब्बीर कुमार यांचे. हे उत्तर दिल्यावर गटावर शांतता पसरली आणि मग एका काकूंनी लिहिलं, “शक्यच नाही.” पुढच्या वर्षी ‘साजन’ पहिला आला, १९९२ ला ‘फूल और कांटे’ आणि १९९३ ला ‘खलनायक’. त्या ‘खलनायक’च्या गाण्यावरून दिल्लीत एक वकीलमहाशय कोर्टात गेले होते आणि आपल्याकडे वडीलमाणसं टीव्हीचा आवाज बारीक करायला उठली होती. त्याच गाण्यासाठी अलका याज्ञिक आणि इला अरुण यांना फिल्मफेअर विभागून मिळालं. लिफ्टमधल्या यादीत ते अर्थातच नाही. कोजागरीला आज्या बसलेल्या असतात. (तेव्हा कॉलेजच्या स्नेहसंमेलनात त्याच गाण्यावर शिट्ट्या मारणाऱ्या दोघीतिघी आता त्या आज्यांच्या रांगेत बसतात, ही गोष्ट वेगळी.)

म्हणजे चार वर्षांची चार पहिली गाणी. त्यांतली दोन लोक साफ विसरले, एक गाळलं आणि एक ठेवलं. ‘असतेच’ म्हणून जी यादी आपण मिरवतो, ती तेव्हाची नाही. ती नंतर बसून, धुऊन-पुसून केलेली आहे.

तेव्हाची तरी खरी होती का, हेही एकदा विचारलं पाहिजे. गीतमालेचे क्रमांक दुकानांतला खप, श्रोत्यांची पत्रं आणि गावोगावच्या श्रोता संघांची मतं यांच्यावर ठरत. पत्र लिहिणारा, पोस्टकार्डाला पैसे घालणारा आणि दर आठवड्याला नेमाने घालणारा माणूस त्यात जड. झुमरी तलैयाचं नाव देशाला ठाऊक झालं ते तिथल्या पोस्टकार्डांमुळे. तिथल्या लोकांचे कान जगावेगळे होते असं कुणी म्हणत नाही. अमेरिकेतही वेगळं नव्हतं. तिथल्या ‘बिलबोर्ड’च्या यादीसाठी दुकानदार फोनवर सांगत, काय खपतंय ते. दुकानदाराला जे खपावंसं वाटे तेही त्यात मिसळत असे. १९९१ मध्ये त्यांनी काउंटरवरचे बारकोड मोजायला सुरुवात केली आणि यादीचं तोंडच फिरलं. सुटाबुटातल्या शहरी लोकांनी खेडवळ म्हणून बाजूला ठेवलेला कंट्री गायक गार्थ ब्रुक्स त्या सप्टेंबरात नव्या अल्बमसह थेट पहिल्या क्रमांकावर येऊन बसला. कंट्रीचा अल्बम आल्या-आल्या पहिला, हे तोवर झालं नव्हतं. लोकांची आवड एका उन्हाळ्यात बदलत नसते. मोजपट्टी बदलली होती.

आमच्या भागात बारकोड नव्हता. आमच्याकडे लाल पुठ्ठ्याची वही होती.

कर्वे पुतळ्यापासून हिंगण्याकडे येताना एका जिन्याखाली कॅसेट भरून देणारा बसायचा. दोन डेक, एक हेडफोन, भिंतभर एलपी आणि कॅसेटी. आपण गाण्यांची यादी द्यायची, कोरी कॅसेट द्यायची किंवा त्याच्याकडूनच घ्यायची आणि चार दिवसांनी यायचं. हा धंदा कायद्यात बसत नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि गिऱ्हाइकालाही. कॅसेट साठ मिनिटांची किंवा नव्वद मिनिटांची. “नाइन्टी नको, सिक्स्टी घ्या,” तो प्रत्येकाला सांगायचा. नव्वदची फीत पातळ असते, ताणली जाते, गुंतते. (पेन्सिलीने फीत गुंडाळण्याची गोष्ट मी इथे सांगणार नाही. गेल्या दहा वर्षांत ती प्रत्येकाने सांगून झाली आहे.) सिक्स्टीत एका बाजूला पाच-पाच मिनिटांची सहा गाणी बसत, दोन्ही बाजू मिळून बारा. तेरावं गाणं हवं असणारा माणूस मात्र प्रत्येक घरात असे आणि त्याच्यापायी नाइन्टी घेतली जाई.

प्रत्येक यादी तो त्या वहीत उतरून घेत असे, कारण चिठ्ठ्या हरवत. थांबावं लागलं की मी ती वही चाळत बसायचो. तशी लोकप्रियतेची नोंद मी नंतर कुठे पाहिली नाही. एका पानावर मुलींच्या वसतिगृहातून आलेली इंग्रजी यादी. १९९१ मध्ये इथे मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं, अण्णासाहेब कर्व्यांनी १९०० साली जिथे झोपडीत विधवांचा आश्रम थाटला त्याच हिंगण्यात, आणि गावोगावच्या मुली राहायला आल्या. मडोना, मायकल जॅक्सनचा ‘डेंजरस’, ब्रायन ॲडम्स. ॲडम्सचं रॉबिनहुडच्या चित्रपटातलं गाणं त्या वर्षी ब्रिटनच्या यादीत सलग सोळा आठवडे पहिलं होतं. आमच्या वहीत ते त्याहून जास्त दिवस टिकलं असेल. त्याच पानाच्या खालच्या अर्ध्यात कुणाच्या तरी आजीसाठी भीमसेन जोशींची अभंगवाणी, दोन्ही बाजू. पुढच्या पानावर वडार वस्तीतल्या पोरांची यादी: प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे, पुन्हा आनंद शिंदे, मध्येच ‘आशिकी’, मग भीमगीतं. त्याखाली लग्नघरातली एक यादी आणि तिच्यात ‘माहेरची साडी’ तीनदा लिहिलेली, बहुधा तीन बहिणींनी.

१९९१ ची ‘माहेरची साडी’ आज आपण हसायला काढतो. त्या वर्षी महाराष्ट्रातल्या बायका डबे बांधून, ट्रकमध्ये बसून ती बघायला जात होत्या. तिची गाणी मंगलाष्टकांच्या आधी आणि पाठवणीच्या वेळी लागत. कोणत्या पायदानावर होती ती? कोणत्याच नाही, कारण गीतमाला हिंदी होती, बिलबोर्ड इंग्रजी आणि मराठी गाणं मोजायला कुणाचीच वही नव्हती. शिंद्यांची कॅसेट जत्रेत, एसटी स्टँडवर, हातगाडीवर विकली गेली. ना पावती, ना हिशेब. विकत घेणारा पोस्टकार्ड लिहिणारा नव्हता. गुलशन कुमार यांनी स्वस्त कॅसेट काढून एचएमव्हीची मक्तेदारी मोडली हे सगळे सांगतात. पीटर मॅन्युएल नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ मध्ये या सगळ्यावर ‘कॅसेट कल्चर’ हे अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात त्याने दाखवलं, की कॅसेटमुळे बोलीभाषांतलं, जातीजमातींचं, गल्लीबोळातलं गाणं पहिल्यांदा बाजारात उभं राहिलं. शिकागोच्या विद्यापीठाने छापलं. आमच्या गच्चीवर मात्र ते अजून पोहोचलेलं नाही.

गंमत म्हणजे त्या हिंदी यादीच्या डोक्यावर बसलेला आवाज याच घरातला होता. ‘आशिकी’, ‘दिल है के मानता नहीं’ आणि ‘बेटा’ या तिन्हींसाठी लागोपाठ तीन वर्षं फिल्मफेअर घेणाऱ्या अनुराधा पौडवाल मराठी भावगीतांतून आणि चित्रपटगीतांतून आमच्या आयांना आधीपासून माहीत होत्या. ‘अशी ही बनवाबनवी’ला संगीत देणारे अरुण पौडवाल त्यांचे पती. १९९१ मध्ये ते गेले.

वरातीच्या बँडचाही वेगळा विचार करायला हवा, कारण बँडवाल्याला यादीशी देणंघेणं नसतं. पाय हलवणारी चाल तेवढी त्याला कळते. ‘ठाणेदार’ आणि ‘हम’ हे दोन चित्रपट पाठोपाठ आले आणि दोन्हीत एकेक गाणं इतकं सारखं, की कुणी कुणाचं चोरलं यावर आमच्या मंडळाच्या मांडवात हातघाई व्हायची बाकी होती. एक बाजू बप्पी लाहिरींची, दुसरी लक्ष्मीकांत-प्यारेलालांची. भांडण फुकट होतं. मूळ चाल पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशाच्या मोरी कान्तेची. कान्ते हा ग्रिओ, म्हणजे आपल्याकडच्या भाट-गोंधळ्यांसारख्या पिढीजात गाणाऱ्या घराण्यातला. कोरा नावाचं एकवीस तारांचं वाद्य वाजवणारा. त्याच्या एका गाण्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या होत्या. गिनीच्या गोंधळ्याची चाल मुंबईत दोनदा शिजली, क्लॅरिनेटवर चढली आणि कॅनॉल रस्त्याने निघालेल्या वरातीत नवरदेवाच्या मामाला नाचवून गेली. हा प्रवास कोणत्या पायदानावर मांडायचा?

त्या वेळी कर्वे रस्त्यावरच अलूरकर म्युझिक हाउस होतं. तिथला कारभार उलटा. टॉपचं मागायला गेलात तर दुसऱ्या दुकानाचा रस्ता. जुन्या गवय्याचं कुठेही न मिळणारं ध्वनिमुद्रण मागितलंत तर खुर्ची. जिन्याखालचा आमचा माणूस आणि ते दुकान यांच्यात दोन मैलांचं अंतर नव्हतं, आणि दोघांपैकी कुणाचाही खप कधी कुठे मोजला गेला नाही. दोन्ही जागा आता नाहीत. लाल वही कुठे गेली, रद्दीत की कुणाच्या माळ्यावर, काय ठाऊक. आता मोजणी फोन करतो. किती जणांनी ऐकलं ते एकेका आकड्यापर्यंत दिसतं, पण जी कॅसेट कुणी चढवलीच नाही तिचा आकडा शून्य, आणि शून्य आकड्याचं गाणं ‘नाइन्टीज’मध्ये येत नाही.

सेक्रेटरींशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. भला माणूस आहे, कोजागरीचं दूध स्वतः उभं राहून आटवतो. मी फक्त लिफ्टमधल्या यादीखाली पेनाने सव्वीसावा आकडा घातला आणि ‘माहेरची साडी’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सत्तावीस होते. पहिल्या मजल्यावरच्या काकांचं वळणदार अक्षर, ‘आज का अर्जुन’, पुढे उद्गारचिन्ह. संध्याकाळी कुणीतरी ‘आनंद शिंदे, कोणतेही चालेल’ असं लिहिलं. ते अक्षर आमच्यातल्या कुणाचं नव्हतं, पण लिफ्टमधून दिवसभर इस्त्रीवाला, दूधवाला, धुणंभांडी करणाऱ्या बायका ये-जा करतात. मग ‘खलनायक’ आलं, बारीक अक्षरात, अगदी कोपऱ्यात, बायकी वळणाचं. रविवारपर्यंत यादी एक्केचाळीसवर गेली आणि कागद संपला म्हणून दोन गाणी आरशाच्या चौकटीवर गेली.

सोमवारी नवी यादी लागली. पुन्हा पंचवीस गाणी, पुन्हा छापील, या वेळी लॅमिनेट करून. लॅमिनेशनवर पेन उठत नाही. मार्कर उठतो.